पौरुषाचें मोजमाप

श्रावणी अमावास्येच्या दिवशीं बिडकीनच्या शिवारांतून बैल वाजतगाजत गांवाकडे येतात. शिंगांना हिंगूळ लावलेला असतो, पाठीवर झूल असते, गळ्यांत घुंगुरमाळा असतात. घरोघरच्या सुवासिनी त्यांच्या पायांवर पाणी घालतात, त्यांना ओवाळतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या या गांवीं काय किंवा साऱ्या मराठवाड्यांत काय, पोळ्याचा हा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्या जनावराच्या बळाची अशी पूजा होते, त्याचे वृषण त्याच्या धन्यानेंच तरुणपणीं निकामी करविलेले असतात, ही गोष्ट मात्र त्या दिवशीं कोणाच्या मनांत येत नाहीं.

गोऱ्हा जोताला जुंपण्याजोगा होऊं लागला म्हणजे त्याला खच्ची करतात. पूर्वीं दोन काठ्यांच्या चिमट्यांत वृषणांच्या नाड्या ठेचीत असत. पुढें गुरांच्या दवाखान्यांत बर्डिझोचा लोखंडी चिमटा आला आणि कातडी न फाटतां तेंच काम होऊं लागलें. या व्यवहारांतून शेतकऱ्याला दोन गोष्टी पुस्तकावांचून कळलेल्या असतात. लहान वयांत खच्ची केलेल्या बैलाचें वशिंड लहान राहतें, मान वळूसारखी भरत नाहीं, पाय मात्र लांब होतात आणि स्वभाव थंड होतो. परंतु नांगर ओढण्याचें त्याचें बळ नाहींसें होत नाहीं. किंबहुना दिवसभराच्या ओढीला वळूपेक्षां बैलच भरंवशाचा. म्हणजे नराचें जें नरपण म्हणून समजतात, त्यांतील कांहीं भाग वृषणांवर अवलंबून असतो आणि कांहीं भाग मुळींच नसतो.

वृषणांतून जें द्रव्य रक्तांत मिसळतें आणि दाढीमिशा, घोगरा आवाज, भरलेले स्नायू, हाडांची बळकटी व कामेच्छा यांना कारण होतें, त्याचें नांव टेस्टॉस्टेरोन. हें द्रव्य कमी पडलें म्हणजे काय होतें, तें कमी पडलें हें ओळखावें कसें, आणि उणीव भरून काढावी कशी, या तीन प्रश्नांचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. इतर रोगांत बहुधा निदान आधीं आणि औषध मागाहून येतें. येथें औषधें हजारों वर्षें विकलीं गेलीं, आणि खरें मोजमाप मात्र परवां-परवां हातीं आलें. या उलट्या क्रमाचे भोग अजूनही अनेक घरें भोगीत आहेत.

वृषणांच्या अभावीं माणसाचें काय होतें आणि काय होत नाहीं, याचा एक मोठा दाखला बिडकीनच्या परिसरानेंच पाहिलेला आहे. येथून उत्तरेस देवगिरीचा किल्ला आहे. १३०७ सालीं अल्लाउद्दीन खिलजीचा जो सेनापति या किल्ल्यावर चालून आला आणि रामदेवराव यादवास दिल्लीस घेऊन गेला, तो मलिक काफूर खोजा होता. १२९९ सालीं गुजरातेंतील खंबायत बंदरांत तो गुलाम म्हणून दिल्लीकरांच्या हातीं लागला. त्याची किंमत हजार दिनार पडली होती, म्हणून त्याला हजारदिनारी म्हणत. त्यानें पुढें वरंगळच्या काकतीय राजास नमविलें, द्वारसमुद्र गांठलें, मदुरेपर्यंत मजल मारली, आणि १३१३ सालीं पुन्हां देवगिरी घेऊन कांहीं काळ तेथूनच कारभार पाहिला. १३१६ सालीं दिल्लीस तो मारला गेला. त्यानें दक्षिणेंत केलेली लूट आणि नासधूस कोणी विसरूं शकत नाहीं. पण त्याच्या अंगीं धाडस, चिकाटी किंवा हुकमत कमी होती, असें त्याच्या शत्रूंनाही म्हणतां आलें नसतें. ज्याला जन्मांत संतति होणें शक्य नव्हतें, त्यानें चार राजघराणीं हादरविलीं. शौर्य आणि वृषणांचा स्राव या एकच वस्तु नव्हेत, हें सांगण्यास याहून स्पष्ट पुरावा नको.

ज्या अमानुष चालीनें असे खोजे निर्माण होत, तिचें वर्णन बादशहा जहांगीरानें आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे. बंगालच्या सिल्हट भागांत सरकारी धाऱ्याऐवजीं आईबाप आपलीं मुलें खच्ची करून देत, आणि ही चाल आपण बंद करण्याचा हुकूम दिला, असें तो लिहितो. दरबारांनीं आणि जनानखान्यांनीं शतकानुशतकें हीं माणसें वापरलीं. त्यांच्या देहांत काय बदल होतात हें सर्वांना दिसत होतें. तो बदल कशानें होतो, हें विचारणारा मात्र कोणी निघाला नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं हा विषय लपवून ठेवला नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं वाजीकरण हें एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेंत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीजदोषामुळें झालेलें, इंद्रियाच्या विकारामुळें झालेलें, वार्धक्यामुळें आलेलें आणि शुक्रक्षयामुळें आलेलें. सुश्रुतानें सहा प्रकार केले आणि त्यांत मनाच्या विषादामुळें येणाऱ्या क्लैब्याला पहिलें स्थान दिलें. जन्मतःच असलेलें आणि मर्मावर घाव बसून आलेलें क्लैब्य असाध्य आहे, असेंही त्यानें स्वच्छ सांगून टाकलें. या विवेचनांतील मोठेपणा त्याच्या वर्गवारींत आहे. तक्रार एकच असली तरी कारणें अनेक असतात, कांहीं कारणें मनांत असतात, कांहीं वयांत असतात आणि कांहींना उपाय नसतो, हें ज्याला कळलें त्याला निदानाचें मर्म कळलें. सुश्रुतानेंच दुधांत शिजविलेल्या बोकडाच्या वृषणांचा प्रयोग सांगितला आहे. ज्या अवयवांत उणीव, त्याच अवयवानें ती भरावी, ही कल्पना युरोपांतील शास्त्रज्ञांना पुढें एकोणिसाव्या शतकांत नव्यानें सुचावयाची होती. मात्र टेस्टॉस्टेरोन पोटांतून घेतलें असतां यकृत तें बरेंचसें नष्ट करून टाकतें. त्यामुळें तो प्रयोग पौष्टिक ठरला असेल, गुणकारी ठरणें कठीण होतें.

ग्रंथांतील हा विवेक बाजारांत उतरला नाहीं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें वैद्यांच्या जोडीला हकीमही असत. दोघांपैकीं जाणते होते ते नाडी पाहून, आहार-विहार विचारून मगच औषध देत. परंतु आठवडी बाजारांत चादर पसरून बसणाऱ्या जडीबुटीवाल्याला विचारपूस करण्याचें कारण नव्हतें. शिलाजीत, सालममिश्री, आस्कंद, खाजकुहिलीचें बीं, कसलींशीं भस्में आणि सांड्याचें तेल, हें सारें एकाच तक्रारीवर एकाच भावानें विकलें जाई. कित्येक गुप्त पुड्यांत अफू असे. तिनें घटकाभर उत्तेजन व स्तंभन वाटतें. पण अफूची संवय झाली म्हणजे मेंदूकडून वृषणांस जाणारी आज्ञाच मंदावते व टेस्टॉस्टेरोन खरोखर खालीं येतें, हें आतां सिद्ध झालेलें आहे. म्हणजे ज्या उणिवेची भीति दाखवून पुडी विकावयाची, ती उणीव पुडीनेंच निर्माण व्हावयाची!

या बाजाराचें खरें भांडवल औषधांत नव्हतें, भीतींत होतें. रक्ताच्या कित्येक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, आणि तो गेला कीं आयुष्यच गळून जातें, या समजुतीनें किती तरुणांचीं ऐन उमेदीचीं वर्षें काळजींत गेलीं असतील याची गणती नाहीं. अशा भीतीनें खंगणाऱ्या रुग्णांचें वर्णन डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसरोगतज्ज्ञांनीं १९६० सालीं केलें आणि त्या अवस्थेला ‘धात’ या लोकांच्याच शब्दावरून नांव दिलें. वस्तुतः वीर्य आणि टेस्टॉस्टेरोन या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. वीर्य बाहेर जातें म्हणून रक्तांतील टेस्टॉस्टेरोन आटत नाहीं.

युरोप या बाबतींत अधिक शहाणा होता असें समजण्याचें कारण नाहीं. तेथें एक निर्णायक प्रयोग फार लवकर झाला, पण त्याचें महत्त्व ओळखलें गेलें नाहीं. १८४९ सालीं गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बर्थोल्ड यांनीं सहा कोवळे कोंबडे घेतले. ज्यांचे वृषण काढून टाकले, त्यांचा तुरा वाढला नाहीं, ते आरवेनात, झुंजेनात. ज्यांच्या उदरांत काढलेला वृषण परत ठेवला, ते मात्र इतर कोंबड्यांप्रमाणेंच वाढले, आरवले आणि झुंजले. त्यांना चिरून पाहिलें तों दिसलें कीं, ठेवलेल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, पण जुन्या मज्जातंतूंशीं त्याचा संबंध उरलेला नाहीं. तेव्हां वृषणाचा परिणाम रक्तावाटेंच साऱ्या शरीरावर होतो, असें अनुमान बर्थोल्ड यांनीं काढलें. चार-पांच पानांचा हा निबंध जवळजवळ अर्धें शतक कपाटांत पडून राहिला.

जगाचें लक्ष वेधलें तें निराळ्याच माणसानें. १ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या एका विद्वत्सभेंत ब्राउन-सेकार हे ७२ वर्षांचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ उभे राहिले. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोंचून घेतला असून आपली गेलेली शक्ति परत आली आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. हाताची पकड यंत्रानें मोजून त्यांनीं आंकडेही दिले. त्यांचा प्रामाणिकपणा संशयातीत होता. पण टेस्टॉस्टेरोन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, आणि त्यांचा अर्क तर पाण्यांत काढलेला होता. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्याच कृतीनें अर्क काढून मोजला, तेव्हां त्यांत परिणाम होण्याइतकें द्रव्य नसल्याचें आढळून आलें. म्हणजे वृद्ध शास्त्रज्ञाला जें बळ आलें, तें त्याच्या विश्वासाचें होतें. तरीही त्या सभेनंतर असले अर्क युरोप-अमेरिकेंत धडाक्यानें विकले जाऊं लागले.

त्यानंतर आणखी मोठे खेळ झाले. १९२० सालीं पॅरिसमध्यें सर्ज व्होरोनॉफ यांनीं माकडाच्या वृषणाच्या चकत्या माणसाच्या अंगांत बसविण्यास आरंभ केला. श्रीमंत वृद्धांची त्यांच्याकडे रीघ लागली. त्या चकत्या परक्या शरीरांत टिकत नाहींत हें कळेपर्यंत बरींच वर्षें गेलीं. व्हिएन्नाचे श्टायनाख यांनीं एका बाजूची शुक्रवाहिनी बांधून तारुण्य परत येतें असा सिद्धान्त मांडला. ‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे आयरिश कवि येट्स यांनीं १९३४ सालीं, वयाच्या ६९ व्या वर्षाच्या सुमारास, ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि आपल्याला नवी प्रतिभा लाभली असें ते सांगत. त्यांनीं अखेरपर्यंत उत्तम कविता लिहिली यांत शंका नाहीं. पण शुक्रवाहिनी बांधल्यानें टेस्टॉस्टेरोन वाढत नाहीं, यांतही आतां शंका उरलेली नाहीं. पुढें आपल्या देशांत लक्षावधि पुरुषांनीं कुटुंबनियोजनासाठीं हीच वाहिनी दोन्ही बाजूंनीं बांधून घेतली. त्यांचें तारुण्य परत आलें नाहीं, आणि लोक भितात तशी त्यांची मर्दानगीही गेली नाहीं.

याच काळांत मुंबईंत एक गृहस्थ अशा विषयांवर शास्त्रीय भाषेंत बोलण्याचा हट्ट धरून बसले होते. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथराव यांनीं संततिनियमनाच्या कार्यापायीं गणिताची प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. तें १९५३ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललें. वाचक त्यांना पत्रें लिहून आपल्या लैंगिक शंका विचारीत आणि ते आडपडदा न ठेवतां उत्तरें देत. १९३४ मध्यें या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी कर्व्यांना दंड झालाच. जी शंका घरांत विचारतां येत नाहीं, वैद्याला विचारतां येत नाहीं, ती छापील उत्तरानें सुटूं लागली तर जाहिरातवाल्यांचा धंदा बुडेल, इतकी ती साधी गोष्ट होती. पण उत्तर देणारा न्यायालयांत गेला आणि ‘गुप्तरोगावर रामबाण’ अशा जाहिराती छापणारे उजळ माथ्यानें वावरले. कामशक्ति वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींस बंदी घालणारा कायदा १९५४ सालीं झाला. तो आजही अमलांत आहे. भिंती आणि खांब मात्र त्याला जुमानीत नाहींत.

खरें द्रव्य हातीं येण्याची कथा चिकाटीची आहे. शिकागो हें अमेरिकेंतील कत्तलखान्यांचें मोठें शहर. तेथें फ्रेड कॉख आणि त्यांचे विद्यार्थी मॅगी यांनीं १९२७ सालीं ४० पौंड वळूंचे वृषण घेऊन त्यांतून अवघा २० मिलिग्रॅम अर्क काढला. त्यानें खच्ची केलेल्या कोंबड्यांना पुन्हां तुरा फुटला. १९३१ मध्यें जर्मनींत आडोल्फ बुटेनांट यांनीं पोलिसांच्या छावणींतून १५,००० लिटर मूत्र जमवून त्यांतून एका संबंधित द्रव्याचे १५ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. १९३५ सालीं अ‍ॅमस्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकूर यांच्या मंडळींनीं १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळें केलें आणि त्याला टेस्टॉस्टेरोन हें नांव दिलें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत बुटेनांट आणि झुरिकचे रुझिका यांनीं, एकमेकांच्या पाठोपाठ, कोलेस्टेरॉल या सामान्य मेदपदार्थापासून तें प्रयोगशाळेंत तयार केलें. दोघांना १९३९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बुटेनांट यांना मात्र हिटलरच्या राजवटीनें तें घेऊं दिलें नाहीं, आणि मानचिन्ह त्यांच्या हातीं युद्धानंतर पडलें.

आतां औषध होतें. प्रश्न उरला तो द्यावें कोणाला हा. १९४२ सालीं बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनीं नऊ पुरुषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचे वृषण लहान होते, छाती स्त्रियांप्रमाणें उंचावलेली होती आणि वीर्यांत शुक्रजंतु नव्हते. अशा पुरुषांच्या पेशींत एक रंगसूत्र जास्त असतें हें १९५९ मध्यें कळलें. सुमारें सहाशें ते हजार पुरुषांत एकाची ही स्थिति असते, आणि बहुतेकांना ती जन्मभर ठाऊकही होत नाहीं. १९४४ सालीं हेलर व मायर्स या अमेरिकन डॉक्टरांनीं निदानाचा नवा मार्ग दाखविला. वृषण थकले म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि त्यांना जोरानें हांकारूं लागते आणि तिचे स्राव मूत्रांत वाढलेले दिसतात. हे स्राव मोजून त्यांनीं खरी उणीव असलेले पुरुष आणि चिंतेनें ग्रासलेले पुरुष वेगळे केले. मग दोघांनाही टेस्टॉस्टेरोन देऊन पाहिलें. पहिल्यांना गुण आला, दुसऱ्यांना आला नाहीं. सुश्रुतानें मनाचें क्लैब्य निराळें काढलें होतें. त्या भेदाला आतां प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

रक्तांतील टेस्टॉस्टेरोन सरळ मोजतां येण्यास आणखी काळ जावा लागला. न्यूयॉर्कच्या बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनीं १९५९ च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्यानें रक्तांतील अतिसूक्ष्म स्राव मोजण्याची युक्ति काढली, तिच्याबद्दल यॅलो यांना १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तीच युक्ति टेस्टॉस्टेरोनसही लागू पडली. किती सूक्ष्म मोजावयाचें याची कल्पना अशी: एका डेसिलिटर रक्तांत सुमारें ३०० नॅनोग्रॅमपेक्षां कमी टेस्टॉस्टेरोन असलें तर अमेरिकेंतील मूत्ररोगतज्ज्ञ तें कमी समजतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश.

पण नुसत्या आंकड्यावर विसंबूं नये. टेस्टॉस्टेरोन पहांटेच्या सुमारास सर्वांत जास्त असतें आणि दिवसभर उतरत जातें. जेवणानें कमी होतें, तापांत व आजारपणांत कमी होतें. म्हणून सकाळीं, उपाशीपोटीं, निरनिराळ्या दोन दिवशीं रक्त तपासून दोन्ही वेळां तें कमी आलें, आणि जोडीला लक्षणेंही असलीं, तरच उणीव मानावी असा नियम आहे. लक्षणें म्हणजे कामेच्छा मावळणें, सकाळचें उत्थान थांबणें, दाढी विरळ होणें, छाती वाढणें, हाडें ठिसूळ होणें, पांडुरोग जडणें. नुसता थकवा, चिडचिड किंवा झोंप न लागणें यांवरून कांहीं ठरत नाहीं. तीं लक्षणें साऱ्या जगाचीं आहेत. मग पीयूषिकेचे स्राव मोजावयाचे. ते वाढलेले असले तर दोष वृषणांत: मुलगा वयांत आल्यावर झालेल्या गालगुंडानें, माराच्या दुखापतीनें, वेळीं खालीं न उतरलेल्या अंडांमुळें, किंवा जन्मजात रंगसूत्रदोषानें. ते कमी असले तर दोष वर, म्हणजे पीयूषिकेंत किंवा तिच्याजवळच्या गांठींत. अशी गांठ वाढत गेली तर दृष्टीही जाऊं शकते. पुष्कळांच्या बाबतींत मात्र कारण घरगुती असतें. लठ्ठपणा व मधुमेह यांनीं टेस्टॉस्टेरोन थोडें उतरतें, आणि वजन कमी केलें कीं बऱ्याच अंशीं परत वर चढतें. चाळीस ते एकोणऐंशी वर्षें वयाच्या तीन हजारांहून अधिक युरोपीय पुरुषांची पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. तींत वयोमानानें आलेली खरी उणीव शेंकडा दोनजणांतच आढळली.

ज्यांना खरी उणीव आहे, त्यांना हें औषध वरदान आहे. ज्या मुलाचें वयांत येणेंच अडलें, त्याला आवाज फुटतो, मिसरूड येतें, हाडें भरतात; ज्याचे वृषण कर्करोगासाठीं काढावे लागले, त्याचा संसार पुन्हां मार्गीं लागतो. दोन-तीन आठवड्यांनीं एकदां किंवा सुमारें तीन महिन्यांनीं एकदां घ्यावयाचीं तेलांतील इंजेक्शनें आहेत, रोज कातडीला चोळावयाचा मलम आहे. देतांना रक्त फार दाट होत नाहीं ना, प्रोस्टेट ग्रंथींत कांहीं विकार नाहीं ना, हें वरचेवर पाहावें लागतें. वृद्धांना सरसकट दिल्यानें काय होतें याचेंही उत्तर आतां मिळालें आहे. ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवर केलेल्या व २०१६ पासून प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चांचणींत कामेच्छा थोडी वाढली, पांडुरोग सुधारला. पण चैतन्य परत येईल ही आशा सफल झाली नाहीं. २०२३ सालीं पांच हजारांहून अधिक पुरुषांची दुसरी चांचणी बाहेर आली. तींत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वाढला नाहीं, मात्र हृदयाची अनियमित गति, फुप्फुसांत रक्ताची गुठळी आणि हाडें मोडणें यांचें प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक दिसलें.

या साऱ्यांत एक गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावयास हवी. बाहेरून टेस्टॉस्टेरोन दिलें कीं पीयूषिका समजते, आपलें काम भागलें. ती वृषणांना आज्ञा देणें थांबविते, आणि शुक्रजंतूंची उत्पत्ति बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेनें याच गुणाचा उपयोग गर्भनिरोधासाठीं करून पाहिला. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या चांचणींत २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला इंजेक्शन दिलें, आणि सहा महिन्यांत निम्म्याहून अधिकांच्या वीर्यांत एकही शुक्रजंतु उरला नाहीं. औषध थांबविल्यावर ते बहुधा परत येतात, पण त्याला महिने लागतात. तालमीच्या नादानें झटपट दंड फुगविण्यासाठीं इंजेक्शनें घेणाऱ्या तरुणांचेही वृषण असेच आकसतात. म्हणून मूल हवें म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या पुरुषाला, ‘मर्दानगी वाढेल’ या आशेनें टेस्टॉस्टेरोन देणें म्हणजे विहीर खणावयास जाऊन झरा बुजविण्यासारखें आहे. ज्यांच्यांत दोष पीयूषिकेचा आहे, त्यांना तिच्या कामाचीं निराळीं इंजेक्शनें देऊन पिता होतां येतें. पण त्यासाठीं निदान आधीं व्हावें लागतें.

निदान आधीं होत नाहीं, ही खरी अडचण आहे. लग्नाला चार-पांच वर्षें होऊन पाळणा हलला नाहीं तर आपल्याकडे सून देवऋषीकडे जाते, उपासतापास करते, तपासण्या करवून घेते, आणि अखेर वांझ म्हणून बोल ऐकते. पुरुषाची तपासणी काढली कीं घराचा अपमान होतो. वस्तुतः त्याच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. औरंगाबादेस १९५६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें आणि पुढें त्याचें रुग्णालय ‘घाटी’ या नांवानें साऱ्या मराठवाड्याचा आधार झालें. बिडकीनहून तेथें जाण्याला फार वेळ लागत नाहीं. अंतर रस्त्याचें नाहीं, लाजेचें आहे. आणि तें लाजेचें अंतर बायकांनीं आपल्या अब्रूनें भरून काढावें अशी अपेक्षा असते.

बिडकीनच्या ज्या शिवारांत पूर्वीं बैलांच्या जोड्या फिरत, तेथें आतां मोठी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. बैल कमी झाले, यंत्रें आलीं, बसून करावयाचीं कामें वाढलीं आणि त्यांच्याबरोबर पोटाचे घेर व मधुमेहही वाढले. उद्यां तेथील पुरुषांपुढेंही रक्ततपासणीचा कागद येईल आणि त्या कागदाच्या मागोमाग इंजेक्शन विकणाराही येईल. त्या वेळीं जुन्या वैद्यानें केली ती वर्गवारी, बर्थोल्डनें दाखविलेली सावधगिरी आणि कर्व्यांनीं धरलेला बोलण्याचा हट्ट, या तिहींचा उपयोग होणार आहे. आधीं मोजावें, मग कारण शोधावें, त्यानंतरच औषध घ्यावें. आणि तपासणीला नवरा-बायकोनें बरोबर जावें. कागदावरचा आंकडा खालीं आला म्हणून माणूस खालीं येत नाहीं. आंकडा पाहण्याचें धैर्य नसल्यामुळें घरांतील दुसऱ्या माणसाला जन्मभर दोष सोसावा लागला, तर मात्र तेथें खरोखरच पौरुष कमी पडलें असें म्हणावें लागेल.